डिकीतला दिवा

३ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, रागावू नका. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही ‘काय? काय?’ करता आणि मी ओरडून ओरडून साऱ्या गल्लीला घरातल्या बातम्या पुरवते. तुमचे कान गेल्यापासून कागदच बरा.

तर बातमी अशी, की तुमच्या दादांची गाडी रुसली आहे. उभी राहिली की बॅटरी उतरते. किल्ली फिरवली की नुसती टकटक. मग मी आणि शेजारचे दोघे मागून ढकलतो आणि हे आत बसून हुकूम सोडतात. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घातली. महिन्याभरात पुन्हा तेच. मग डायनामो काढून तपासून आणला, तोही ठणठणीत निघाला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “मावशी, म्हातारी झाली गाडी, काढून टाका.” तेव्हापासून हे त्याच्याशी बोलत नाहीत.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण आपल्या चिमीला बाळंतपणाची मार्चअखेरची तारीख दिली आहे. जावईबापू बोटीवर आहेत, ते मेमध्ये उतरणार. पोरगी एकटी, आणि तिचं गाव इथून गाडीने दोन तासांवर. ह्यांनी तिला शब्द दिलाय, “तू फक्त फोन कर, आम्ही निघालोच समज.” ती त्या शब्दावर निर्धास्त आहे आणि इथे माझी झोप उडाली आहे. आधीच जाऊन राहू म्हटलं, तर म्हणतात, तिच्या दीड खोलीत महिनाभर कशाला पाय पसरायचे? ऐनवेळी गाडीने दगा दिला तर मी काय करू, सांगा.

दुकान बंद केल्यापासून ह्यांचा सगळा जीव त्या गाडीत आहे. आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं, म्हणाले, आणि गेल्या वर्षी शटर ओढलं ते ओढलंच. दिवसभर घरात. तुमचं पत्र आलं की मीच वाचून दाखवते. चष्मा सापडत नाही म्हणतात, आणि चष्मा नाकावर असतो. असो. तुम्ही जन्मभर गाड्यांच्या वायरी उसवल्यात. काहीतरी सुचवा.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

ति. सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पहिल्यांदा त्या गॅरेजवाल्याला सांगा, म्हातारी गाडी नसते, अक्कल असते. बॅटरी बदलणं म्हणजे टाकी गळते म्हणून नवं पाणी भरणं. गळती कुठे आहे ते कोणी बघायचं?

मी येऊन बघितलं असतं, पण गुडघ्याने मला खाटेला बांधून ठेवलंय. तुम्हीच करा. अवघड काही नाही. दादाच्या दुकानातला करंट मोजायचा मीटर कपाटात असेल. गाडी बंद करा, किल्ली काढून घ्या, दारं लावा, फक्त बॉनेट उघडं. बॅटरीच्या निगेटिव्हवरची वायर सोडवा. आता ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडा, म्हणजे गाडी जो करंट चोरून पिते तो मीटरमधूनच जाईल. पाच-दहा मिनिटं थांबून आकडा बघा. घड्याळ आणि रेडिओ थोडं पितातच. पन्नास मिलीअँपियरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, चोर त्या खोलीत.

एक लक्षात ठेवा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवून सेल्फ मारायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. मीटरच्या पोटातला फ्यूज उडतो.

आणि बॅटरी नेमकी कधी उतरते तेही कळवा. मी स्वतः दोनदा वायरिंग केलेली गाडी आहे ती. तिच्यात गळती निघाली तर माझं नाक कापलं जाईल.

आपला,
धाकटा दीर


१६ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. मोह झाला. मीटर जोडला, आकडा तीसवर स्थिर राहिला, मला वाटलं झाली की दुरुस्त, आणि किल्ली फिरवली! मीटरने डोळे मिटले. हे हाताची घडी घालून उभे होते, म्हणाले, “वा. आता गाडी नाही आणि मीटरही नाही.” शेवटी गॅरेजवाल्यानेच मीटरचा फ्यूज बदलून दिला, ह्यांच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखं सगळं पुन्हा केलं. आकडा तीसच. सगळे फ्यूज एकामागून एक काढले. घड्याळाच्या फ्यूजला थोडा हलला, बाकी ढिम्म. म्हणजे तुमचं नाक शाबूत आहे. पण चोर कुठे आहे? ह्यांना विचारलं तर म्हणतात, “असते एखाद्या गाडीची सवय.” चाळीस वर्षं घड्याळं खोलून खोलून त्यातला बारीकसा दोष शोधणारा माणूस हे बोलतो, याचंच मला नवल वाटलं.

कधी उतरते म्हणून विचारलंत. सकाळी बाजारात, बँकेत जायचं असलं तर एका झटक्यात सुरू होते. माझ्या बहिणीकडे संध्याकाळी जायचं ठरवलं होतं, बंद. शेजारच्यांच्या मुलीच्या रिसेप्शनला जायचं होतं, बंद. मी म्हटलं, आपल्या गाडीला तिन्हीसांजेचा आळस येतो वाटतं. हे हसले नाहीत.

मलाही चालवता येते हो, लायसन्स आहे. पण हे शेजारी बसले की गाडीपेक्षा जास्त आवाज करतात. ‘गिअर बदल, क्लच सोड, अगं क्लच!’ म्हणून मी नाद सोडला. आणि बॅटरीच मेली तर ड्रायव्हर कोणी का असेना.

चिमीचा रोज फोन येतो. तिचे पाय सुजलेत. रोज विचारते, “गाडी झाली का गं?” मी रोज होईल म्हणते.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ति. सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. किल्ली फिरवलीत ना? वाटलंच होतं.

सकाळ-संध्याकाळचा काही संबंध नाही. वायरीला वेळ कळत नाही. गळती कधी असते, कधी नसते, म्हणजे एखादं बटण अडकत असणार. माझा संशय डिकीतल्या दिव्यावर आहे. सामान नीट दिसावं म्हणून दादाच्या हट्टाने तिथे मीच मोठा बल्ब बसवलाय. झाकण लागलं की कडेचं बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो. बटण नीट दाबलं गेलं नाही तर दिवा बंद डिकीत जळत राहतो. बाहेरून कोणाला कळणार? एका दिवसात बॅटरी खलास.

आता हे बघायचं कसं? आत तर बसता येत नाही. आमच्या हाताखालची पोरं एक युक्ती करायची. मोबाईलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. थोड्या वेळाने काढून बघायचं. काळं दिसलं तर दिवा विझला, उजेड दिसला तर चोर सापडला.

आपला,
धाकटा दीर


२४ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. दोष सापडला. डिकीच्या बटणावरची रबरी टोपी सैल होऊन पडली होती, त्यामुळे झाकण बटणापर्यंत पोचत नव्हतं. टोपी बसवली. आता गाडी रोज सुरू होते. तुम्ही काळजी करू नका आणि गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी


२८ फेब्रुवारी

ति. सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मला काही हे पटत नाही. ती टोपी मी चेपून बसवली होती, निघता निघत नाही. बरं, पडली असं धरू. पडली तर गाडी रोज बंद पडायला हवी. टोपी एक दिवस पडते, दुसऱ्या दिवशी आपणहून उडी मारून बटणावर बसते, असं कधी होतं का? ती कोणीतरी काढतंय आणि कोणीतरी परत बसवतंय.

कोण ते मला कळलंय. तुमचा गॅरेजवाला! टोपी काढायची, बॅटरी विकायची, डायनामो खोलायचा, वर ‘गाडी काढून टाका’ म्हणून सल्ला द्यायचा आणि स्वतःच पडत्या भावात घ्यायची. माझ्या धंद्यात असले मी पुष्कळ पाहिलेत. चोराच्या उलट्या बोंबा! गुडघा गेला खड्ड्यात. मी पुढच्या आठवड्यात गाडी करून येतो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची कानउघाडणी करतो. मला त्याचं ऐकू येणार नाही, हे तर आणखी बरं.

तुमच्या पत्रात नेहमीची गंमत नव्हती. एवढंसं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नाहीत. बरं आहे ना सगळं?

आपला,
धाकटा दीर


४ मार्च

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. येऊ नका आणि त्या बिचाऱ्यावर आळ घेऊ नका. मी तुमच्यापासून लपवलं. वाटलं, घरातली गोष्ट घरातच राहू दे. पण त्यात एका गरीब माणसाची अब्रू जायची वेळ आली, तर आता बोलायलाच हवं.

तुम्ही सांगितलं तसा मोबाईल डिकीत ठेवला. पाच मिनिटांनी काढणार होते, तेवढ्यात शेजारीण आली आणि मी विसरले. काढला तेव्हा दिवेलागण झाली होती. मग स्वयंपाकघरात उभी राहून बघायला लागले. काळं, काळं, नुसतं काळं. म्हटलं, दिवा तर व्यवस्थित विझतोय. बंद करणार एवढ्यात लखकन उजेड पडला. डिकी उघडली होती. बाहेर सांज झाली होती, आणि समोर हे!

भावजी, मोबाईल त्यांच्या नाकासमोर होता. हातभर लांब. वर तुमचा तो मोठा बल्ब. ते सरळ माझ्याकडे, म्हणजे मोबाईलकडे, बघत होते आणि त्यांना तो दिसला नाही. बटण शोधायला त्यांनी हात फिरवला, भिंत चाचपतात तसा. एकदा चुकला, दोनदा चुकला. मग बोटांना लागलं. खिशातून दुकानातला चिमटा काढला, टोपी अलगद उपटली, खिशात टाकली आणि झाकण लावलं. दिवा तसाच जळत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला माझ्या बहिणीकडे जायचं होतं.

 दुकान का बंद केलं, चष्मा का सापडत नाही, पत्रं मला का वाचायला लावतात, सगळं एकदम समजलं. एका घरात राहून मला वर्षभर कळलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू!

आणि मग मी मूर्खपणा केला. बोलायचं सोडून, ते टोपी काढून आले की मी मागून जाऊन दुसरी टोपी बसवायची. गाडी रोज सुरू होते आणि ह्यांचा चेहरा रोज पडतो. मला मनातून हसूही यायचं. परवा संध्याकाळी मात्र गाडी सुरू झाली म्हणून आम्हाला निघावंच लागलं. वळणावर एक सायकलवाला होता. मी किंचाळले तेव्हा ह्यांनी ब्रेक मारला. त्याला लागलं नाही. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, “दिवे फार मंद झालेत या गाडीचे.”

मी तेव्हाही बोलले नाही. ह्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर येतं. पण चिमीचा फोन संध्याकाळी आला तर? मी आता काय करू?

तुमची,
वहिनी


८ मार्च

ति. सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. गॅरेजवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. तुम्ही त्याला माझ्यातर्फे चहा पाजा.

 तुम्ही घरात आलात तेव्हा आमचे वडील, अण्णा, नव्हते, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. अण्णांचे डोळे असेच गेले, कडेकडेने. मी लहान होतो. दादा शाळेतून आला की त्यांना हाताला धरून अंगणात न्यायचा, परत आणेपर्यंत सगळं करायचा. लोक अण्णांशी बोलायचं सोडून दादाशी बोलायचे, ‘जेवले का रे ते?’ म्हणून. अण्णा तिथेच बसलेले असायचे. दादा ते विसरला नसणार.

त्याच्याशी भांडू नका आणि टोपीची लपाछपी थांबवा. चिमीच्या फोनची वाटही बघू नका. एखाद्या सकाळी लख्ख उजेडात निघा आणि तिच्याकडे जाऊन राहा. दीड खोली तर दीड खोली.

सोबत एक पाकीट आहे. ते त्याचं आहे. तुम्ही वाचून दाखवायचं नाही.

आपला,
धाकटा दीर


(त्याच पाकिटात, जाड काळ्या पेनाने, एका ओळीत तीन-चार शब्द असे लिहिलेले मोठे चार कागद)

दादा,

अक्षर मोठं काढलंय. तुझं तू वाच.

टोपी तू काढतोस. मला कळलंय.

मी बहिरा झालो. बुडालं काही? चिडवतात, चालतं.

अण्णांना वेळेवर डॉक्टरकडे नेणारं कोणी नव्हतं. तुला आहे. जा.

उजेडात तू चालव. अंधारात वहिनींना दे. आणि शेजारी गप्प बस.

तुझा धाकटा


१३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्यासारखाच जाड पेन आणवलाय. ओळी वरखाली जातील, तू सावरून घे. तुला कोणी सांगितलं ते विचारत नाही. या घरात दोनच माणसं आहेत.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. वर्षभरात स्वतः वाचलेलं हे पहिलं पत्र. मग दाराला कडी घालून रडलो. म्हातारपणी लाज वाटते सांगायला, पण रडलो.

एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू मला दिसेना. भिंग लावलं, दिवा जवळ घेतला, तरी नाही. ते घड्याळ तसंच परत दिलं, सुटा भाग मिळत नाही म्हणून सांगितलं, आणि दुकान बंद केलं. गाडीचंही तसंच. गाडी बिघडली म्हटलं की लोक गाडीला नावं ठेवतात. माणूस बिघडला म्हटलं की त्याला खुर्चीत बसवून ठेवतात, आणि जेवला का म्हणून दुसऱ्याला विचारतात. मला ती खुर्ची नको होती रे. पण मध्यंतरी एक सायकलवाला माझ्यामुळे मेला असता. 

तुझी वहिनी काल म्हणाली, “रविवारी सकाळी निघू, चांगलं ऊन पडल्यावर.” मी हो म्हणालो. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथे डॉक्टरला डोळे दाखवतो, तुला शब्द देतो. पण चिमीला यातलं काही कळता कामा नये. बाप आंधळा होतोय हे डोक्यात घेऊन तिने बाळंत व्हायचं नाही. तिचं पार पडलं की मग सांगेन.

गॅरेजवाल्याशी बोललो. तो म्हणाला, “काका, माझं काय चुकलं होतं?” मी म्हटलं, काही नाही.

तुझा,
दादा


२९ मार्च

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. पेढे समजून हे पत्र खा. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. पोरीचा आवाज असा आहे की तुम्हालाही ऐकू येईल.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काल जाऊन आलो. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो पुढच्या महिन्यात काढणार. दुसऱ्यात काचबिंदू, म्हणजे अण्णांचंच दुखणं आहे. जेवढं गेलं ते परत येत नाही म्हणाले, पण राहिलेलं राखता येईल, रोज थेंब घालायचे, जन्मभर. आणखी वर्षभर थांबला असतात तर राखायला काही उरलं नसतं, असंही म्हणाले.  ह्यांनी मात्र बाटली हातात घेऊन विचारलं, “झाकण घट्ट बसतं ना हिचं?” घड्याळजी तो घड्याळजीच.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. त्या रविवारी आम्ही सकाळी निघालो आणि सुखरूप पोचलो. हे अगदी सावकाश, कडेकडेने चालवत आले, मागचे हॉर्न वाजवत होते तरी. चिमीला काही बोलायचं नाही असं ठरलंच होतं.  रोज वाटायचं, देवा, जे काय व्हायचं ते सकाळी होऊ दे.

झालं संध्याकाळीच. नुकती दिवेलागण झाली होती आणि तिला कळा सुरू झाल्या. मी पिशवी घेतली, तिला धरून खाली आणलं. बघते तर हे आधीच गाडीत, स्टिअरिंगवर.  तिच्यासमोर काय बोलू? चिमीला मागे बसवलं, मी तिच्या शेजारी. ह्यांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी समोरचे दिवे लावले आणि काचेतून नुसते बघत राहिले. रस्त्यावर माणसं होती, मुलं खेळत होती. गाडी हलेना.

चिमी कळवळून म्हणाली, “बाबा, चला ना! काय झालं?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी इंजिन बंद केलं. मागे वळले आणि म्हणाले, “चिमे, मला संध्याकाळचं दिसत नाही. वर्ष झालं.”

भावजी, वर्षभर चिमट्याने टोपी काढून लपवलेलं ते वाक्य.  आता ही रडणार, हे रडणार, आणि मी कोणाला सावरू?

चिमी दात आवळून ओरडली, “अहो, मग उतरा ना लवकर! आई, तू बस पुढे!”

 हे हसले हो, खरंच हसले. दार उघडून उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे लेकीशेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, “निघ.”

दवाखाना येईपर्यंत गिअरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

तुमची,
वहिनी